ज्ञात दोषांच्या यादीवरचा चुकीचा ठपका

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स असो, व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय असो की मायक्रोसॉफ्टचे विंडोज सर्व्हर, नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत रिलीज नोट्स येतात. काय नवे आले, कोणत्या चुका दुरुस्त झाल्या, काय पुढे काढून टाकले जाणार आहे आणि कोणते दोष माहीत असूनही अजून शिल्लक आहेत, हे सगळे त्यात लिहिलेले असते. या शेवटच्या यादीत व्हर्च्युअलायझेशनचा वाटा नेहमीच मोठा. अमुक प्रोसेसरवर अमुक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सुरू होत नाही, एका होस्टवरून दुसऱ्यावर नेताना व्हीएम कोसळते, नेटवर्क इंटरफेस रीसेट झाला की विंडोज गेस्टला आयपी पत्ता मिळत नाही, अशा नोंदींनी पानेच्या पाने भरतात. या यादीवर बोट ठेवून एक युक्तिवाद सर्रास केला जातो. तो करणारे लोक बहुधा अनुभवी असतात, त्यामुळे बैठकीत त्याला वजन येते. कंपनी स्वतःच लिहून देते आहे की माल कच्चा आहे. आपला होस्ट तीन वर्षे बिनतक्रार चालला आहे. मग चालत्या गोष्टीला हात कशाला लावायचा? एंटरप्राइझ म्हणजे स्थैर्य, आणि स्थैर्य म्हणजे आहे ते आहे तसे राहू देणे. हा युक्तिवाद मुळातच चुकला आहे. त्याची किंमतही तो करणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते. ती मोजतात त्या होस्टवर ज्यांचे पगार, ठेवी, तपासण्यांचे अहवाल आणि परीक्षांचे निकाल साठवलेले असतात ते लोक.

चूक कुठे आहे ते आधी नेमके पाहू. नव्या आवृत्तीची यादी उघडून तिच्यातले दोष मोजले जातात आणि त्यांची तुलना जुन्या आवृत्तीच्या शांततेशी केली जाते. तुलना व्हायला हवी यादीची यादीशी. जुन्या आवृत्तीचीही यादी आहे, आणि आपण ती वाचणे सोडले म्हणून ती वाढायची थांबत नाही. नव्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांच्या विभागात जी जी ओळ आहे ती जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्याच्या दृष्टीने जिवंत दोषाची नोंद असू शकते. म्हणजे ज्ञात दोषांच्या पानाला घाबरून जो थांबतो, त्याने त्याच कागदपत्रातले दुरुस्त्यांचे पान स्वतःच्या होस्टवरील दोषांचे पान म्हणून वाचायला हवे, आणि नेमके तेच पान तो वाचत नाही. कोकण किनाऱ्याच्या सागरी नकाशावर खडक दाखवलेले असतात. ज्या नकाशावर खडक कमी तिथला समुद्र सुरक्षित, असे कोणताही तांडेल मानणार नाही.

व्हर्च्युअलायझेशनचीच यादी इतकी लांब का, याचेही उत्तर द्यायला हवे, कारण विरोधकांचा अर्धा संशय तिथून येतो. हायपरवायझरचे काम दोन बदलत्या पक्षांच्या मधोमध उभे राहण्याचे आहे. खाली खरे हार्डवेअर, जे दर एक-दोन वर्षांनी बदलते; वर गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिम, ज्यात आजचे लिनक्सही असते आणि पंधरा वर्षांपूर्वीचे विंडोजही असते. प्रत्येक गेस्टला आपण खऱ्याच यंत्रावर चाललो आहोत असे वाटले पाहिजे. गेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली व्हर्च्युअल यंत्राच्या ज्या अटी मांडल्या, त्यांत ही एक होती; दुसरी अट साधनांवर संपूर्ण ताबा हायपरवायझरचाच राहण्याची आणि तिसरी वेग फारसा न गमावण्याची. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या तर खोट्या डिस्क, खोटी नेटवर्क कार्डे, खोटे घड्याळ, इतकेच काय, कोणी वापरत नसलेला फ्लॉपी कंट्रोलरसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभा करावा लागतो. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनला आधार दिला, फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या २.६.२० कर्नेलमध्ये आले, आणि काम पुष्कळ सोपे झाले. पण प्रोसेसरची पिढी गुणिले गेस्टची आवृत्ती गुणिले उपकरणांची मांडणी हा गुणाकार काही लहान झाला नाही. यादीची लांबी या गुणाकारातून येते. ज्या उत्पादकाची या विभागातली यादी अगदी आखूड आहे त्याने चाचण्या कमी केल्या असतील किंवा निष्कर्ष छापले नसतील. दोषच नाहीत, ही शक्यता सर्वांत कमी.

त्या फ्लॉपी कंट्रोलरचीच गोष्ट पुराव्यासाठी घेऊ. १३ मे २०१५ रोजी ‘व्हेनम’ नावाने ओळखला गेलेला दोष जाहीर झाला. नोंदीचा क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६. व्हीएमसाठी खोटी उपकरणे उभी करणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये २००४ पासून ही चूक होती. केव्हीएम आणि झेन या दोन्ही घराण्यांना ती लागू पडत होती. गेस्टमध्ये प्रशासकाचे अधिकार मिळवलेल्या माणसाला तिच्या आधारे हायपरवायझरच्या प्रक्रियेत आपला कोड चालवण्याची वाट मिळू शकत होती, म्हणजे गेस्टची भिंत ओलांडता येऊ शकत होती. व्हीएमला फ्लॉपी जोडलेली नसली तरी कंट्रोलरचा कोड गेस्टला गाठता येत होता. अकरा वर्षे हा दोष कोणत्याही यादीत नव्हता. त्या अकरा वर्षांत ज्यांचे होस्ट बिनतक्रार चालले ते सुरक्षित होते म्हणून चालले नाहीत. त्यांच्यातला दोष अजून कुणाच्या नजरेला पडला नव्हता, म्हणून चालले. बिनतक्रार चालणे हा सुरक्षिततेचा पुरावा का धरता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

व्हेनमचा दुसरा धडा अधिक कामाचा आहे आणि तो कागदपत्रे वाचल्याशिवाय हाती लागत नाही. होस्टवर क्यूईएमयूचे नवे पॅकेज बसवले की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. चालू असलेली प्रत्येक व्हीएम ही जुन्या क्यूईएमयूची स्मृतीत चाललेली प्रक्रिया असते. डिस्कवरची फाइल बदलली तरी ती प्रक्रिया जुनाच कोड चालवत राहते. गेस्टच्या आतून रीबूट केले तरीही तीच प्रक्रिया पुढे चालू राहते. दुरुस्ती लागू व्हायची तर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, किंवा लाइव्ह मायग्रेशनने दुरुस्त होस्टवर न्यावी लागते. जो प्रशासक केवळ पॅकेजचा क्रमांक तपासून अहवालात ‘पूर्ण’ असे लिहितो, त्याच्या होस्टवरच्या व्हीएम त्यानंतर कितीही महिने उघड्या राहू शकतात. ही माहिती त्या काळच्या सुरक्षा-सूचनेत साध्या वाक्यांत दिलेली होती. अशी वाक्ये वाचायची की टाळायची, एवढाच प्रश्न उरतो.

ज्ञात दोषाच्या एका नोंदीत काय असते तेही पाहायला हवे, कारण यादीची मोजदाद करणारे बहुधा नोंदीच्या आत शिरत नाहीत. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीच्या यादीत अशी एक नोंद होती की एव्हीएक्सला आधार असलेल्या प्रोसेसरच्या होस्टवर एखाद्या व्हीएमसाठी एव्हीएक्स मुद्दाम बंद केले तर ती व्हीएम सुरू होताना कर्नेल पॅनिकने कोसळते. दुसरी अशी की एएमडीच्या मिलान पिढीच्या सर्व्हरवर मिलान हा व्हर्च्युअल प्रोसेसर कधी कधी निवडताच येत नाही, कारण दोन क्षमता फर्मवेअरमध्ये बंद राहिलेल्या असतात. त्या चालू केल्या की काम होते. या नोंदींमध्ये अट आहे, लक्षण आहे, आणि दुसऱ्या नोंदीत कारण व सुटकेचा मार्गही आहे. मिलान सर्व्हर नसणाऱ्याला त्या दुसऱ्या नोंदीशी काही देणेघेणे नाही, आणि ज्याच्याकडे ते आहेत त्याचे दोन दिवसांचे डोके फोडणे ती एका परिच्छेदात वाचवते. शंभर नोंदींच्या यादीतून आपल्या मांडणीला लागू पडणाऱ्या बहुधा चार-पाचच निघतात. त्या चार-पाच शोधणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते काम टाळण्यासाठी शंभर या आकड्याचा बागुलबुवा उभा केला जातो.

याच जातीची पण अधिक व्यापक गोष्ट प्रोसेसरच्या किमान पातळीची. नववी आवृत्ती एक्स८६-६४ च्या दुसऱ्या पातळीसाठी बांधलेली आहे, दहावी तिसऱ्या पातळीसाठी, जिला एव्हीएक्स-२ लागते. आता होस्टचा प्रोसेसर कितीही नवा असला, तरी व्हीएमला दाखवलेला व्हर्च्युअल प्रोसेसर जर सर्वांशी जुळावा म्हणून निवडलेला जुनाट सर्वसाधारण नमुना असेल, तर नवव्या आवृत्तीचा गेस्ट सुरुवातीलाच ग्लिबसीची घातक चूक दाखवून थांबतो. यंत्रात क्षमता आहे, पण ती गेस्टपासून लपवलेली आहे. तसेच स्पाइस ही दूरस्थ पडद्याची पद्धत नवव्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. आठव्या आवृत्तीच्या होस्टवर स्पाइससह घडवलेली व्हीएम नवव्यावर आणली की ती उभी राहत नाही, आधी तिची व्याख्या बदलून व्हीएनसीवर न्यावी लागते. हे बदल अचानक आले नाहीत. स्पाइस पुढे काढली जाणार, हे आठव्या आवृत्तीच्या काळातच ‘वगळण्याच्या मार्गावर’ या विभागात लिहिलेले होते. ज्यांनी ते वाचले त्यांनी सवडीने बदल केला. ज्यांनी वाचले नाही त्यांनी स्थलांतराच्या रात्री नव्या आवृत्तीला दोष दिला, आणि तोच दोष पुढच्या बैठकीत ‘नवे नको’ या बाजूचा पुरावा ठरला.

काही नोंदी मात्र अशा असतात की त्या न वाचण्याची भरपाई होऊच शकत नाही. २०१४ मध्ये व्हीएमवेअरने ईएसएक्सआयच्या चौथ्या आणि पाचव्या मालिकेतला एक दोष प्रसिद्ध केला. बदललेले ब्लॉक तेवढेच उचलून वाढीव बॅकअप घेण्याची जी सोय आहे तिच्यात, व्हर्च्युअल डिस्क १२८ जीबीच्या सीमेपलीकडे वाढवली असेल तर, बदललेल्या भागांची माहिती चुकीची मिळत होती. बॅकअपचे काम रोज रात्री यशस्वी म्हणून संपायचे. अहवाल हिरवा. फक्त त्या बॅकअपमधून यंत्र परत उभे करायची वेळ आली की ते निरुपयोगी निघण्याचा संभव होता. उपाय सोपा होता: ती सोय त्या व्हीएमवर बंद करून पुन्हा चालू करायची आणि एक पूर्ण बॅकअप घ्यायचा. या दोषाला कोणतेही लक्षण नव्हते, कोणतीही घंटा वाजत नव्हती. तो कळण्याचा प्रशासकापुढचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती छापील नोंद. ‘आमच्याकडे काही अडचण आली नाही’ हे वाक्य इथे किती पोकळ ठरते ते लक्षात घ्यावे. अडचण आलेली होती, ती दिसायची बाकी होती.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि सर्वांत बळकट आक्षेप आधी घेतो. दुरुस्त्याच कधी कधी मोडतोड करतात, हे खरे आहे आणि त्याची उदाहरणे ठसठशीत आहेत. १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ वर बंद केलेल्या व्हीएम सुरू होईनात, कारण चाचणी आवृत्तीतली मुदत संपण्याची तपासणी अंतिम मालात राहून गेली होती. महिनाभरापूर्वीच मुख्य कार्यकारी अधिकारी झालेल्या पॉल मॅरिट्झ यांना जाहीर माफी मागावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर दोषावरचा उपाय म्हणून आलेल्या इंटेलच्या मायक्रोकोडने सर्व्हर आपोआप रीबूट होऊ लागले. २२ जानेवारीला इंटेलनेच तो बसवणे थांबवा असे सांगितले, आणि रेड हॅटनेही आपल्या पॅकेजमधून तो मागे घेतला. जुलै २०२० च्या अखेरीस बूटहोल दोषावरची दुरुस्ती बसवल्यावर रेड हॅटच्या सातव्या आणि आठव्या आवृत्तीची काही यंत्रे सुरूच होईनात. ईएसएक्सआय ७.० अपडेट ३ तर नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्ण मागे घ्यावे लागले आणि दुरुस्त होऊन जानेवारी २०२२ मध्ये परत आले. त्याच जानेवारीत विंडोजच्या मासिक अपडेटनंतर काही हायपर-व्ही होस्टवर व्हीएम सुरू होत नव्हत्या आणि मायक्रोसॉफ्टला आठवड्याभरात वेगळी दुरुस्ती काढावी लागली.

ही यादी विरोधकांनी केली असती तर याहून वेगळी झाली नसती. पण तिच्यातून काय सिद्ध होते? यातले प्रत्येक प्रकरण काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत जाहीर ज्ञात दोष बनले. थांबा, बसवू नका, बसवले असेल तर असे मागे या, हे त्या त्या उत्पादकाने लिहून कळवले. बूटहोलच्या वेळी ज्यांनी दुरुस्ती आधी एका चाचणी होस्टवर बसवून रीबूट केले त्यांचे एक यंत्र अडकले. ज्यांनी एका रात्रीत सगळीकडे बसवले त्यांचे सगळे अडकले. आणि ज्यांनी आठवडा थांबून सूचना वाचल्या त्यांना दुरुस्तीची दुरुस्ती हाती आली. यातून निघणारी शिस्त साधी आहे: आधी चाचणीचा होस्ट, मग कमी महत्त्वाचे, शेवटी मुख्य, आणि प्रत्येक पायरीपूर्वी त्या दिवसाची ज्ञात दोषांची यादी. चार दिवस थांबणे ही सावधगिरी आहे. चार वर्षे थांबण्याला तेच नाव लावता येणार नाही. विरोधक पहिल्याचा पुरावा देतात आणि त्यावरून दुसऱ्याची परवानगी काढतात.

चार वर्षांचे सोडा, दोन वर्षांत काय होते ते फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसले. ईएसएक्सआयच्या ओपनएसएलपी या सेवेतला सीव्हीई-२०२१-२१९७४ हा दोष व्हीएमवेअरने २३ फेब्रुवारी २०२१ रोजी दुरुस्त करून जाहीर केला होता. ज्यांना लगेच पॅच मारता येणार नव्हता त्यांच्यासाठी ती सेवाच बंद करण्याचा मार्गही प्रसिद्ध होता, आणि बहुतेकांना त्या सेवेची गरजही नव्हती. जवळजवळ दोन वर्षांनंतर, ३ फेब्रुवारी २०२३ रोजी, फ्रान्सच्या सर्ट-एफआरने इशारा दिला की दुरुस्त न केलेले ईएसएक्सआय होस्ट ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरचे लक्ष्य झाले आहेत आणि हल्ल्यात हाच जुना दोष वापरला जात असावा. अमेरिकेच्या सीसा आणि एफबीआय यांनी जगभरात ३,८०० हून अधिक सर्व्हर बाधित झाल्याचे सांगितले. हल्लेखोर एकेका गेस्टमध्ये शिरतच नव्हते. ते होस्टवर बसून व्हीएमच्या फायली सरसकट कुलूपबंद करत होते. एका होस्टवर वीस यंत्रे असतील तर वीसच्या वीस एका झटक्यात. यातले पुष्कळ होस्ट आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालत होते. त्यांच्यावर चालण्याच्या दृष्टीने काहीही मोडलेले नव्हते. जुन्या आवृत्तीच्या यादीत एक ओळ वाढली होती, ती मालकाने वाचली नव्हती, हल्लेखोराने वाचली होती.

‘आमचे होस्ट आतल्या नेटवर्कवर आहेत, बाहेरून कुणी पोहोचत नाही’ हा दुसरा आक्षेप. व्यवस्थापनाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे न ठेवणे हा उत्तम नियम आहे, आणि २०२३ च्या हल्ल्यात तो पाळणारे पुष्कळसे वाचले. पण व्हर्च्युअलायझेशनमध्ये होस्टकडे जाणारा आणखी एक रस्ता असतो, तो गेस्टमधून. संकेतस्थळ चालवणारी, ईमेल घेणारी, विद्यार्थ्यांना लॉगिन देणारी व्हीएम बाहेरच्या जगाशी बोलतच असते; ती ताब्यात गेली की पुढचा प्रश्न फक्त भिंतीचा उरतो. व्हेनममध्ये भिंतीला भोक होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर झालेल्या एल१टीएफ दोषात तर सॉफ्टवेअरमध्ये चूकच नव्हती. इंटेलच्या प्रोसेसरच्या एल१ कॅशमधून एका गेस्टला शेजारच्या गेस्टची किंवा होस्टची माहिती वाचता येण्याची शक्यता होती, आणि उपायासाठी गेस्टमध्ये शिरताना कॅश रिकामी करणे व काही मांडण्यांत हायपरथ्रेडिंग बंद करणे भाग पडले. ४ मार्च २०२५ रोजी व्हीएमवेअरची मालक झालेल्या ब्रॉडकॉमने जाहीर केलेल्या ईएसएक्सआयच्या तीन दोषांपैकी सीव्हीई-२०२५-२२२२४ हा गेस्टमधून होस्टकडे जाण्याचाच होता, आणि जाहीर होण्यापूर्वीच त्याचा प्रत्यक्ष वापर झाल्याची माहिती कंपनीकडे होती. आतले नेटवर्क ही गेस्टची भिंत नव्हे. ती भिंत हायपरवायझरच्या कोडची आहे, आणि कोडची डागडुजी अपडेटनेच होते.

तिसरा आक्षेप वेळेचा: होस्ट बंद करायला खिडकी कुठे मिळते? बँकेत, रुग्णालयात, कारखान्यात हा प्रश्न खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण ज्या तंत्राबद्दल आपण बोलतो आहोत त्याने याच प्रश्नाचे उत्तर देऊ केले आहे. लाइव्ह मायग्रेशनने चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर जाते, मोकळा झालेला होस्ट अपडेट होतो, व्हीएम परत येतात. रेड हॅटमध्ये कर्नेलच्या गंभीर दोषांसाठी चालू यंत्रातच पॅच बसवण्याची सोय आहे. क्यूईएमयूसाठी मात्र ती नाही, आणि तिथे मायग्रेशनच करावे लागते. मायग्रेशनलाही अटी आहेत. दोन्ही होस्टच्या प्रोसेसरमधली समान पातळी निवडलेली असावी लागते, साठवण सामायिक असावी लागते किंवा डिस्कही सोबत हलवावी लागते, आणि एखादे खरे उपकरण थेट व्हीएमला जोडले असेल तर ती सहजासहजी हलत नाही. या अटींची बहुतेक माहिती कुठे असते? त्याच रिलीज नोट्समध्ये आणि त्याच यादीत. ज्यांचे होस्ट इतके वेगवेगळ्या पिढ्यांचे झाले आहेत की आता मायग्रेशनच होत नाही, त्यांची ती अवस्था अपडेट टाळत राहिल्यानेच आली आहे. ज्यांच्याकडे एकच होस्ट आहे, आणि लहान पतसंस्था व शाळांमध्ये तसेच असते, त्यांना रविवारची रात्र ठरवावीच लागेल. ठरवलेली रात्र आणि हल्लेखोराने निवडलेली रात्र यांत मी पहिली निवडीन. आपल्याकडे सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. त्या सहा तासांत होस्ट पुन्हा उभा करायला कुणालाही निवांत खिडकी मिळत नाही.

स्थैर्याच्या कल्पनेबद्दलही इथेच बोलायला हवे. एंटरप्राइझ लिनक्स स्थिर आहे म्हणजे त्यातला कोड बदलत नाही, असा समज पसरलेला आहे. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीचे कर्नेल मे २०१९ पासून ४.१८ हाच आकडा मिरवते, नवव्याचे ५.१४, दहाव्याचे ६.१२, पण त्या आकड्यामागचा कोड महिन्यामहिन्याला बदलत असतो. पुढच्या कर्नेलमधल्या दुरुस्त्या, आणि अनेकदा केव्हीएममधल्या सुधारणाही, मागे आणून बसवल्या जातात. स्थिर ठेवले जातात ते बाहेरचे करार: ॲप्लिकेशन ज्या इंटरफेसवर विसंबते ते, आणि व्हीएमला दिसणाऱ्या यंत्राचा नमुना. म्हणून तर जुन्या होस्टवर जन्मलेली व्हीएम नव्या होस्टवर तेच यंत्र पाहते आणि गडबडत नाही. दहा वर्षांच्या आधाराचा अर्थ दहा वर्षे दुरुस्त्या येत राहतील असा आहे. त्या घ्यायच्याच नसतील तर वर्गणी कशासाठी भरायची? ज्यांनी आधार विकत घेऊन अपडेट बंद ठेवले आहेत ते स्थैर्याचे पैसे भरून साचलेपणा पदरात घेत आहेत.

उत्पादकांच्या बाजूने मात्र मी सरसकट उभा नाही, आणि विरोधकांच्या एका तक्रारीत तथ्य आहे ते स्पष्ट म्हणतो. यादी ही जबाबदारीतून सुटका नव्हे. एकच दोष तीन-तीन लहान आवृत्त्यांच्या यादीत जसाच्या तसा पुढे सरकत राहतो आणि त्याखाली ‘सध्या कोणताही उपाय उपलब्ध नाही’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा ग्राहकाने चिडणे रास्त आहे. पैसे घेऊन आधार देणाऱ्याने अशा दोषाला मुदत द्यायला हवी, किंवा ती सोय वापरू नका असे ठळक सांगायला हवे. तपशीलवार उपाय वर्गणीच्या कुलपामागे ठेवण्याची रीत तर मला सरळ अन्याय्य वाटते. दोष सर्वांना कळतो, हल्लेखोरालाही कळतो, आणि उपाय मात्र पैसे भरणाऱ्यालाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर ब्रॉडकॉमने कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. आधाराचा करार नसलेल्या जुन्या परवानाधारकांना व्हीस्फिअरचे अतिगंभीर सुरक्षा-पॅच तरी मोफत मिळतील, असे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. ते आश्वासन योग्य होते, पण ते मागावे लागू नये. सुरक्षेशी संबंधित ज्ञात दोष आणि त्यावरचे उपाय प्रत्येक उत्पादकाने कोणत्याही लॉगिनशिवाय खुले ठेवले पाहिजेत. या तक्रारीतून निघणारी मागणी अधिक उघडपणाची आहे, अधिक चांगल्या यादीची आहे. यादी लांब आहे म्हणून अपडेट नको, हा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही.

ही तक्रार आणि हा युक्तिवाद एकत्र केल्याने आणखी एक नुकसान होते. जो उत्पादक दोष प्रामाणिकपणे छापतो त्याची यादी बैठकीत दाखवून त्याला नाकारले जाते, आणि जो गप्प राहतो त्याला ‘स्वच्छ’ म्हणून काम मिळते. ग्राहकांनी असे वागायचे ठरवले तर उत्पादक लिहिणे कमी करतील. ते व्यापारी आहेत, त्यांना इशारा लगेच समजतो. मग बॅकअपच्या त्या दोषासारख्या नोंदी छापल्याच जाणार नाहीत आणि ते दोष ग्राहकाला यंत्र परत उभे करण्याच्या दिवशीच कळतील. निविदेत उत्पादकाला विचारायचेच असेल तर त्याने गेल्या दोन वर्षांत किती दोष स्वतःहून जाहीर केले, किती दिवसांत दुरुस्त केले आणि दुरुस्ती फसली तेव्हा किती लवकर सांगितले, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे देता येतील ती यादी ठेवणाऱ्यालाच.

ज्यांच्या हातात होस्ट आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी नव्या आवृत्तीची यादी पाहून ‘नको’ म्हणावेसे वाटले, तर त्याआधी स्वतःच्या होस्टवर आज चालू असलेल्या आवृत्तीनंतर आलेल्या सगळ्या रिलीज नोट्समधली दुरुस्त्यांची पाने काढा, त्यांतल्या आपल्याला लागू पडणाऱ्या ओळींवर खुणा करा, आणि तो कागद नव्या आवृत्तीच्या यादीशेजारी ठेवून मग बैठकीत निर्णय मागा.